मायग्रेनच आहे म्हणतात, पण दुसरं काही गंभीर असू शकतं का?

हो, असू शकतं. मी स्वतः त्यातून गेलेय म्हणून जरा लांबलचक लिहितेय. तुम्ही म्हणताय की मिसेसना आठ वर्षांपासून मायग्रेन आहे, पण यावेळी दहा दिवस झाले तरी डोकं दुखायचं थांबत नाहीये आणि डॉक्टर त्याच गोळ्या परत देतायत. मी काही डॉक्टर नाही, पण तुमच्या प्रश्नातला 'यावेळी' हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला.

मला कॉलेजपासून अर्धशिशी. उजवी बाजू ठणकणार, उलटी होणार, अंधार करून पडलं की पाच-सहा तासांत उतरणार, हे घरात सगळ्यांना इतकं पाठ की कोणी विचारायचं पण नाही. चार वर्षांपूर्वी ऐन गौरी-गणपतीत पाळी येणार होती म्हणून पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, मेडिकलमध्ये नुसतं मागितलं की देतात, चिठ्ठी वगैरे कोण बघतंय. त्यात हरतालिकेचा निर्जळी उपास. गौरी यायच्या दिवशी उंबऱ्यापाशी पावलं काढायला वाकले आणि दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे एकदम काळोख, मग परत नीट दिसायला लागलं. डोकं सकाळपासून दुखत होतंच. सासूबाई म्हणाल्या दगदग झालीय, मलाही तेच वाटलं.

पण दुखणं वेगळं होतं हो. एरवी आडवं पडलं की बरं वाटायचं, आता आडवं पडलं की वाढायचं, दोन रात्री मी भिंतीला टेकून बसून काढल्या, आणि नुसतं खोकलं तरी डोकं फुटतंय की काय असं व्हायचं. नेहमीच्या डॉक्टरांनी जुनी फाइल बघितली, इंजेक्शन दिलं, सीटी स्कॅन पण केला, तो नॉर्मल आला, झालं, सगळे निर्धास्त. पकडलं ते डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी. मी आपली चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलेले, त्यांनी थेंब टाकून आत बघितलं आणि एकदम गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, डोळ्यामागची दृष्टीची नस सुजलीय, आजच्या आज एमआरआय करा, आणि साधा नको, व्हेनोग्राफीसकट, म्हणजे मेंदूतल्या शिराही दिसतील असा.

मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. सीव्हीटी म्हणतात त्याला. रक्ताला बाहेर पडायला वाट नाही म्हणून आत प्रेशर वाढतं, म्हणून तर आडवं पडलं की जास्त दुखायचं आणि वाकलं की दिसेनासं व्हायचं. साध्या सीटीत हे कितीतरी वेळा दिसतच नाही. हार्मोनच्या गोळ्या, बाळंतपणानंतरचे आठवडे, अंगातलं पाणी कमी होणं, यातून धोका वाढतो, आणि माझ्याकडे त्यातल्या दोन गोष्टी हजर होत्या. पोटात हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं, मग सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. आता ठीक आहे.

ॲडमिट असताना न्यूरोवाल्या डॉक्टरांना मी प्रश्न विचारून विचारून वैताग आणला होता, त्यातलं लक्षात राहिलेलं सांगते. दुखणं एका मिनिटाच्या आत एकदम टोकाला गेलं, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं असं वाटलं, तर मेंदूत रक्तस्राव असू शकतो, तिथे गोळी घेऊन वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. मायग्रेनच्या आधी दिसणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा, मुंग्या हे हळूहळू पसरतं, पाच-दहा मिनिटं तरी घेतं. पण हात, तोंड किंवा बोलणं झटक्यात गेलं तर तो स्ट्रोक धरून चालायचं. ताप आणि मान आखडली तर मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, असू शकतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, कानशील हुळहुळतंय, भाकरी चावताना जबडा दुखतोय, तर तिथल्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, त्यात दृष्टी जाऊ शकते म्हणून स्टिरॉइड लगेच सुरू करतात. डोळा लाल आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील तर काचबिंदू. आणि घरात सगळ्यांचंच डोकं दुखतंय किंवा आंघोळ करून आलं की दुखतंय तर आधी बाथरूममधला गॅस गीझर बंद करा, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

घाबरवत नाहीये, बहुतेक वेळा मायग्रेन हा मायग्रेनच असतो, किंवा महिन्यातून दहा-पंधरा दिवस पेनकिलर खाऊन खाऊन उलटं डोकं दुखायला लागतं, ते पण असू शकतं. पण आज मिसेसना दोन गोष्टी विचारा, आडवं पडल्यावर वाढतं का आणि वाकल्यावर अंधारी येते का. दोन्हीपैकी एकाला जरी हो म्हणाल्या तर उद्यावर टाकू नका, आजच हॉस्पिटलमध्ये न्या. नाही म्हणाल्या तरी दहा दिवस म्हणजे खूप झाले, न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. जाताना घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, पाळीच्या, गर्भनिरोधक, आयुर्वेदिक, सगळी. माझं पाकीट देवघराच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं, कोणी विचारलं नाही आणि मला काही ते औषध वाटलंच नव्हतं.