तेल महागलं, चकलीचं वजन घटवू का?

प्रश्न : मी घरून चकली विकते. तेल किलोमागे ३० रुपयांनी वाढलं. मोठ्या कंपन्या पाच रुपयांचं पाकीट पाचलाच ठेवून आतला माल कमी करतात. मीही पाव किलोचं पाकीट २२५ ग्रॅमचं करू का?

उत्तर : नको. टपरीवर सुट्या नाण्यांत खपणाऱ्या मालाला ती युक्ती चालते. तुमचं गिऱ्हाईक 'पाव किलो' मागतं, आणि घरी वजनही करतं! शिवाय छापील वजनापेक्षा माल कमी भरणं हा गुन्हा आहे.

आधी हिशेब करा. तळणीआधी कढईतलं तेल मोजा, मधे घातलेलं त्यात धरा. थंड झाल्यावर उरलेलं वजा करा. समजा, किलोभर चकलीला ३०० ग्रॅम तेल गेलं, तर वाढ ९ रुपयांचीच. पाव किलोला सव्वादोन. त्यासाठी थेट २० रुपये वाढवणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं.

तेल जास्त जात असेल तर पीठ सैल आहे, मोहन जास्त झालंय किंवा तेल पुरेसं तापत नाहीये. आणि डबा घेताना लिटर-किलो तपासा : १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३.६५ किलोच असतं.