खिम्याच्या गोळ्यांतील तांदूळ : कच्चे, अर्धवट शिजलेले की शिजवलेले?

प्रश्न : खिम्यात तांदूळ मिसळून गोळे वळायचे आणि ते टोमॅटोच्या सॉसमध्ये शेगडीवरच शिजवायचे, हा पदार्थ आमच्या घरी सगळ्यांना आवडतो, परंतु माझ्या हातून तो दर वेळी वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. कधी गोळे फुटून सॉसमध्ये लगदा होतो, कधी ते शाबूत राहतात पण आतल्या तांदळात कणी राहते, आणि कणी जावी म्हणून अधिक वेळ ठेवले तर सॉस आटून तळाला लागतो. तांदूळ कच्चे घालावेत की शिजवलेले? अर्धा किलो खिम्याला ते किती घ्यावेत?

उत्तर : आपण लिहिलेल्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटत असल्या, तरी त्यांचे मूळ बहुतांशी पाण्याच्या हिशेबात आहे. गोळ्याच्या कडेचे तांदूळ सॉसमधून पाणी ओढून घेतात, पण मधोमध असलेल्या तांदळाला खिम्यातून सुटणाऱ्या रसावरच भागवावे लागते. त्यातच टोमॅटोच्या आंबट रसात तांदूळ साध्या पाण्यापेक्षा सावकाश मऊ होतो. म्हणजे खिमा वीस मिनिटांत शिजून तयार असतो आणि तांदूळ मात्र अजून वाटेवर असतो. म्हणून गोळे चार सेंटिमीटरपेक्षा मोठे करू नयेत. लिंबाएवढ्या गोळ्यात जे सहज साधते, ते मोठ्या गोळ्यात अर्धा तास जास्त शिजवूनही साधेलच असे नाही.

कच्चे तांदूळ घालून हा पदार्थ होतच नाही, असे नाही. लांब दाण्याचे कच्चे तांदूळ वापरले तर ते शिजताना गोळ्याबाहेर काट्यांसारखे डोकावतात आणि दिसायलाही छान दिसतात. मात्र त्यासाठी सॉस बराच पातळ ठेवून झाकणाखाली मंद आचेवर पाऊण तास द्यावा लागतो. पूर्ण शिजवलेला भात घातला तर वेळ वाचतो, पण तो आधीच पाण्याने तृप्त असल्यामुळे खिम्याचा रस फारसा धरून ठेवत नाही आणि गोळे पिठूळ लागतात. माझे मत मधल्या मार्गाच्या बाजूने आहे. अर्धा किलो खिम्याला 60 ते 70 ग्रॅम तांदूळ घ्यावेत, भरपूर उकळत्या पाण्यात ते सात-आठ मिनिटे शिजवावेत, आणि शीत दाबल्यावर बाहेरून मऊ पण आत बारीक कणी लागत असतानाच पाणी निथळून ताटात पसरून पूर्ण गार करावेत. गरम तांदूळ खिम्यात मिसळले तर चरबी वितळते आणि मिश्रण सैल पडते, एवढ्यासाठी ही घाई टाळावी. राहिलेली कणी सॉसमध्ये तीस मिनिटांत जाते.

आता फुटण्याविषयी. सर्वप्रथम खिम्यात नुसते मीठ घालून तो एक-दोन मिनिटे मळावा. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटी होऊन चिकट बनतात आणि गोळा बांधून ठेवण्याचे खरे काम तीच करतात. त्यानंतर एक अंडे, मिरपूड, तांदूळ आणि कांदा घालून हलक्या हाताने एकत्र करावे, कारण या टप्प्यावर रगडत राहिल्यास गोळे रबरासारखे चिवट होतात. कांदा किसून घालत असाल तर त्याचे पाणी घट्ट पिळून काढावे. मला तो बारीक चिरून, मऊ परतून आणि गार करून घातलेला अधिक पसंत आहे. अगदी बिनचरबीचा खिमा येथे उपयोगाचा नाही, 15 ते 20 टक्के चरबी असलेला घ्यावा. वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत आणि मग थोड्या तेलात सगळीकडून तांबूस करून घ्यावेत. खालची बाजू नीट खरपूस झाली की गोळा आपणहून तळ सोडतो. तो सोडत नसेल तर उलथणे घालून खरवडू नये.

सॉससाठी अर्धा किलो टोमॅटोचा गर आणि सुमारे दोन कप पाणी घ्यावे. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात गोळे एका थरात मावले पाहिजेत आणि गरम सॉस त्यांच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत यायला हवा. एक उकळी आल्यावर आच इतकी कमी करावी की कडेने अधूनमधून एखादाच बुडबुडा उठेल, कारण खळखळ उकळीत गोळे एकमेकांवर आपटून फुटतात आणि पाणीही झपाट्याने आटते. पहिली दहा मिनिटे चमचा अजिबात घालू नये, पातेलेच कानाला धरून हलवावे. पुढे गोळे एकदा अलगद उलटावेत आणि सॉस दाटला असेल तर उकळते पाणी घालावे. शेवटी एक गोळा कापून मधले शीत चाखावे. खिमा शिजल्याची खूण रंगावरून ठरवू नये. मध्यभागी तापमान किमान 71 अंश सेल्सिअस, आणि कोंबडीचा खिमा असल्यास 74 अंश, भरले पाहिजे.

प्रश्न : याच सॉसमध्ये मी आंबट साय घालते, पण ती फाटते. काय करावे?

उत्तर : आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की सायीतील प्रथिने गोळा होतात. साय फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी, तीत चमचाभर मैदा फेटून घ्यावा, दोन-तीन पळ्या गरम सॉस हळूहळू मिसळावा आणि हे मिश्रण अगदी शेवटी, आच बारीक करून पातेल्यात ओतावे. त्यानंतर उकळी येऊ देऊ नये.

प्रश्न : उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी चालतात का?

उत्तर : चालतात, पण पातेले रात्रभर ओट्यावर राहता कामा नये. शिजलेल्या भातात टिकून राहणारे काही जिवाणू उबदार तापमानात वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून गोळे उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तीन दिवसांत संपवावेत. रात्रीतून तांदूळ सॉस पीत राहतो, त्यामुळे गरम करताना अर्धा कप पाणी घालून, झाकण ठेवून, गोळे आतपर्यंत वाफाळेपर्यंत मंद आचेवर ठेवावेत.