शिल्पातले जोड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लोखंडी चौकटीवर सागवानी फळ्या बोल्टने घट्ट आवळून बसवल्या. पावसाळ्यात त्यांना बाक आला आणि उन्हाळ्यात मधोमध चिरल्या. सुताराने कच्चं लाकूड दिलं का? चिरा एम-सीलने भरू का? (पुणे)

सुताराला दोष देण्याआधी बोल्टची भोकं बघा. लाकूड दमट हवेत रेषेला (तंतूंच्या दिशेला) आडवं फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. 300 मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एप्रिल ते जुलै या काळात रुंदीत सहज दोन-तीन मिलिमीटर वाढते. लोखंड हवेतल्या ओलाव्याने तसूभरही वाढत नाही. दोन्ही कडा आवळलेल्या असतील तर फळी फुगताना बाक घेते आणि आक्रसताना चिरते. उत्तम वाळलेलं सागवानही असंच वागेल.

फळीच्या मधला एकच बोल्ट गोल भोकात पक्का आवळा. कडेच्या बोल्टना लांबट भोक हवं, तेही लाकडात नाही, लोखंडी पट्टीत. 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी 9 मिलिमीटरची दोन भोकं शेजारी-शेजारी पाडा, मधला भाग कानशीने काढा, म्हणजे साधारण 9 बाय 18 ची खाच मिळते. खाचेची लांब बाजू लाकडाच्या रेषेला आडवी आली पाहिजे, इथे हमखास गल्लत होते. 25 ते 30 मिलिमीटरचा मोठा वॉशर टाका. नट टेकला की पाव फेरा पुरे, आणि तो सैल होऊ नये म्हणून नायलॉनची कडी असलेला लॉकनट वापरा.

चीर भरू नका. पुढच्या पावसाळ्यात फळी फुगली की भरलेला मसाला पाचरीसारखा काम करतो आणि चीर पुढे धावते. फळी चिरेवरच कापा, कडा रंधून घ्या आणि दोन अरुंद फळ्या म्हणून मध्ये चारेक मिलिमीटर फट ठेवून बसवा. फळीची टोकं सर्वात जास्त पाणी पितात, तिथे तेल किंवा वॉर्निशचे हात इतर भागापेक्षा जास्त द्या.

बोल्टभोवती काळे डाग दिसत असतील तर ती लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी झालेली क्रिया आहे. स्टेनलेस बोल्ट घातले की नवे डाग पडत नाहीत. जुन्या डागांवर अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशने लावा आणि अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि नीट धुतल्याशिवाय त्या जागी पॉलिश पेपर मारू नका, धूळ नाकात जाते.

प्रश्न : लोखंडी सांगाड्यावर तांब्याचा पत्रा स्क्रूने लावला आहे. वर्षभरात स्क्रूची डोकी गळून पडली, पत्रा मात्र शाबूत. लोखंडाला रंगाचे आणखी हात देऊ का? (मालवण)

नुसत्या रंगाने भागणार नाही. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असताना खारं पाणी मिळालं की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यात झीज लोखंडाची होते. तांब्याचा पत्रा मोठा आणि लोखंडी स्क्रू छोटा ही सर्वात वाईट जोडी. पत्र्याच्या अख्ख्या पृष्ठभागामुळे होणारी झीज त्या इवल्याशा स्क्रूवर एकवटते.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात हेच घडलं. 1886 साली उभ्या राहिलेल्या या पुतळ्याचा तांब्याचा पत्रा आतल्या लोखंडी पट्ट्यांपासून लाखेत भिजवलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसने वेगळा ठेवला होता. तो थर झिजला आणि पट्ट्या गंजून फुगल्या. 1980 च्या दशकातल्या दुरुस्तीत पट्ट्या स्टेनलेसच्या केल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं.

तुम्ही 316 दर्जाचे स्टेनलेस बोल्ट घ्या, किनाऱ्यावर 304 ला डाग येतात. पत्रा आणि सांगाड्यामध्ये टेफ्लॉन किंवा नायलॉनची पट्टी, नटाखाली नायलॉन वॉशर आणि बोल्टच्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी चढवा. ही नळी बहुतेक जण विसरतात आणि विजेला तिथूनच वाट मिळते. बसवून झाल्यावर पाणी लागण्याआधी मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) बीपवर ठेवून एक टोक तांब्याला, दुसरं लोखंडाला लावा. बीप वाजली तर कुठेतरी धातू धातूला टेकला आहे.

रंग द्यायचाच, पण तांब्याच्या आतल्या बाजूलाही द्या. फक्त लोखंड रंगवलं तर जिथे रंगाला ओरखडा पडेल तिथे सगळी झीज एकवटते आणि आरपार भोक पडतं. सांगाड्याच्या सर्वात खालच्या जागी 6 मिलिमीटरची भोकंही ठेवा, पाणी साचता कामा नये.

प्रश्न : काळ्या दगडाच्या बैठकीत सळई एपॉक्सीने बसवली आणि वर भाजलेल्या मातीचं डोकं खोचून सिमेंट भरलं. सळई डुगडुगते आणि डोकं मानेपाशी तडकलं. (नागपूर)

आधी सळई. एपॉक्सी सुटते ती बहुतेक वेळा भोकात राहिलेल्या धुळीमुळे. 12 मिलिमीटरच्या सळईला 14 चं भोक, किमान 120 मिलिमीटर खोल. फुंकणीने हवा मारा, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा हवा मारा. धूळ यायची थांबेपर्यंत हे चालू ठेवा. दगड कोरडा हवा. गुळगुळीत सळईपेक्षा आट्या असलेला स्टेनलेस रॉड चांगली पकड घेतो. एपॉक्सी तळापासून दोन तृतीयांश भरा आणि रॉड फिरवत आत न्या, म्हणजे हवा अडकत नाही. हार्डनर (एपॉक्सी घट्ट करणारा दुसरा भाग) पाकिटावरच्या प्रमाणातच घाला, जास्त घातल्याने जोड मजबूत होत नाही, उलट कच्चा राहतो. नागपूरच्या उन्हाळ्यात एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, भांड्यातच तापून घट्ट होईल.

शिवाय साधी एपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि मे महिन्याच्या उन्हात काळा दगड तेवढा तापतो. म्हणून भार खोल गेलेल्या रॉडने आणि बैठकीच्या वजनाने पेलला पाहिजे, चिकटवणाऱ्या पदार्थावर तो सोपवू नये.

डोकं तडकलं ते गंजामुळे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भोवती सिमेंट गच्च भरलेलं असल्यामुळे सगळा रेटा मातीवर आला. नव्या डोक्यात 18 मिलिमीटरचं भोक ठेवा. ओली माती वाळताना आणि भाजताना दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते, तेव्हा कच्च्या मातीत भोक 20 चं पाडा. रॉड आत मोकळा राहू द्या, मानेखाली 3 मिलिमीटरची रबरी चकती ठेवा आणि डोकं तिच्यावर टेकवा. वाऱ्याने फिरू नये म्हणून रॉडभोवती दोन जागी सिलिकॉनची कडी पुरते. सिमेंट अजिबात नको.

प्रश्न : पांढऱ्या सिमेंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमची नळी रोवताच कडेने बुडबुडे आले. (ठाणे)

ओलं सिमेंट अल्कली असतं, ते अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सुटतो. नळीभोवती पोकळ, कमजोर थर राहतो. ती काढा, सिमेंटमध्ये जाणाऱ्या भागाला एपॉक्सी रंगाचे दोन हात द्या आणि हा रंग सिमेंटच्या पातळीच्या 20 मिलिमीटर वरपर्यंत न्या. तो पूर्ण कडक झाल्यावरच पुन्हा रोवा.