टेप मशीनवर चढवताना : कारखान्यांतून आलेले प्रश्न

स्क्रू, रिव्हेट किंवा स्पॉट वेल्डिंगच्या जागी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप वापरणारे कारखाने आता सातारा-सांगलीकडेही आहेत. हाताने लावायची टेप मशीनवर न्यायची म्हटली की अडचणी सुरू होतात. त्यातले पाच प्रश्न आज घेतो.

प्रश्न : आम्ही इलेक्ट्रिक पॅनेलच्या दारांना आतून स्टिफनर (दार वाकू नये म्हणून लावायची पट्टी) टेपने चिकटवतो. चार वर्षं बायका हाताने लावत होत्या, एकही तक्रार नव्हती. आता मशीन बसवलं. टेप तीच, पत्रा तोच, पण दोन दिवसांत टेपची टोकं सुटतात. मधला भाग घट्ट असतो. टेपवाला म्हणतो मशीन बघा, मशीनवाला म्हणतो टेप बघा. (कुपवाड)

फक्त टोकं सुटतात हे लिहिलंत, ते बरं केलंत. मशीन टेप ओढून लावतंय. फोम टेप ताणलेली असताना चिकटली की नंतर हळूहळू आक्रसते. मध्ये तिला सरकायला जागा नसते, म्हणून टोकं उचलतात.

खात्री अशी करा. रोल मशीनवर चढवल्यावर टेपच्या कडेवर, लायनरवर (टेपवरून सोलून काढायच्या आवरणावर) नव्हे, ३०० मिमी अंतराने दोन बारीक खुणा करा. टेप जॉबवर, म्हणजे जिला लावायची त्या वस्तूवर, लागली की स्टीलच्या पट्टीने मोजा. ३०३-३०४ भरलं तर चोर सापडला. लायनर पॉलिथीन फिल्मचा असेल तर तोही टेपबरोबर ताणला जातो, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही. आणखी एक बघा : रोल संपत आला की तक्रारी वाढतात का? रोलचा ब्रेक एकाच जोराचा ठेवलेला असतो, पण रोल बारीक होत जातो तसा टेपवरचा ताण वाढत जातो. ब्रेक सैल करा. तेवढ्याने भागलं नाही तर डान्सर रोलर, म्हणजे वर-खाली होऊन टेपचा ताण सारखा ठेवणारा रोलर, बसवून घ्या.

आता दुसरी गोष्ट, दाब. बायका टेप लावून झाल्यावर टोकावर अंगठा दोनदा दाबतात. कुणी सांगितलेलं नसतं, हाताला ते कळतं. मशीनला ते सांगावं लागतं. अशा टेपला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब लागतो. तुमच्या स्टिफनरवर १२ मिमी रुंद, ६० सेंमी लांब अशा दोन पट्ट्या असतील तर क्षेत्रफळ १४४ चौ. सेंमी, म्हणजे एकदम दाबायचं तर दीडशे किलोचा जोर हवा. ६ बार दाबाच्या हवेवर ४० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर जेमतेम ७५ किलो देतो. ६३ मिमीचा पावणेदोनशेच्या वर देतो, घर्षणाची घट धरूनही तो पुरतो. तुमचा सिलिंडर कोणता आहे ते बघा.

आणि दारं लगेच उभी करू नका, ओढून तर मुळीच बघू नका. नेहमीच्या तापमानात अशी टेप २० मिनिटांत निम्मी पकड घेते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत पहिल्या पाळीतले जॉब सुटतात, दुपारचे सुटत नाहीत. शेडमध्ये थर्मामीटर १८ दाखवतो. मग थंडीचा काय संबंध? (सातारा)

थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, टेप चिकटते पत्र्याला. तुमचा पत्रा रात्रभर कुठे असतो? बाहेरच्या उघड्या शेडखाली असेल तर सकाळी सात वाजता तो हवेपेक्षा बराच गार असतो, आणि आत आणला की त्यावर दव धरतं. ते डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवलं की कळतं. अॅक्रिलिक टेप थंडीत कडक होते आणि पत्र्याच्या बारीक खाचांत उतरत नाही. बऱ्याच टेपना किमान १० अंश लागतात, पण काम नीट होतं ते २१ ते ३८ अंशांत.

शंभर खर्च करण्याआधी एक करा : उद्या लागणारा पत्रा आज संध्याकाळीच आत घ्या. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने जॉबचं तापमान मोजा आणि पाळीच्या वहीत लिहा. पत्रा थंडच राहत असेल तर टेपच्या आधी गरम हवेचा झोत बसवा. टेपचे रोलसुद्धा आदल्या रात्रीपासून आतच असू द्या.

प्रश्न : रोल बदलण्यातच वेळ जातो. मोठा रोल मिळतो का? (शिरवळ)

मिळतो. हिशेब बघा. एका जॉबला १.२ मीटर टेप धरली तर ३३ मीटरच्या रोलमध्ये २७ जॉब होतात. ४० सेकंदांना एक जॉब म्हणजे दर १८ मिनिटांनी मशीन बंद. दोऱ्याच्या रिळासारखी आडवी गुंडाळलेली स्पूल घ्या. ५०० मीटरची असली तरी साडेचार तास बघावं लागत नाही. मात्र स्पूलमध्ये मध्येच जोड असतात. जोड ओळखून तेवढा तुकडा बाजूला काढणारा सेन्सर मशीनवर हवाच, नाहीतर तो जोड एखाद्या जॉबवर जाईल.

प्रश्न : कटरच्या ब्लेडला गम चिकटतो, कट फाटका येतो. ऑपरेटर सिलिकॉन स्प्रे मारतो, तेवढ्यापुरतं बरं चालतं. चालेल का? (कऱ्हाड)

नाही. आजच बंद करा, आणि तो डबा शॉपमधून बाहेर काढा.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका कारखान्यात मशीन चालू करून देताना मीच फिटरला म्हणालो होतो, थोडा स्प्रे मार. दुसऱ्या दिवसापासून कुठलाही जॉब कुठेही सुटायला लागला, काही नियमच नव्हता. स्प्रेचे बारीक कण जॉब धरायच्या फिक्श्चरवर, हातमोज्यांवर, पुसायच्या फडक्यावर सगळीकडे बसले होते. शेजारच्या पेंटच्या लाइनवरही माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडायला लागले. सगळं धुऊन काढण्यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांचं उत्पादन माझ्या एका वाक्यामुळे बुडलं, हे मी विसरलेलो नाही.

गम न चिकटणारं कोटिंग केलेली ब्लेड मिळते, ती घ्या. ठराविक कटनंतर ब्लेड थांबवून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, आणि तो आकडा मशीनच्या काउंटरलाच लावून ठेवा. जॉब पुसायला आयपीए आणि पाणी निम्मं निम्मं. फडकं एकाच दिशेने फिरवा आणि प्रत्येक वेळी घडी बदला.

प्रश्न : आमचा हळद पावडरीचा धंदा. खोके हाताने बंद करायचो तेव्हा टेप टिकायची. ऑटोमॅटिक सीलर घेतल्यापासून गोदामात खोके उघडतात. (सांगली)

हाताने टेप लावणारा माणूस आधी खोक्यावर नकळत पंजा फिरवतो. त्यात हळदीची धूळ निघून जाते. सीलर तसं करत नाही.

सुटलेली टेप उलटी करून उजेडात धरा. गमावर पिवळा थर असेल तर कारण धूळ. गम स्वच्छ असेल तर दाब कमी पडतोय, रोलर आणि स्प्रिंग तपासा. टेपबरोबर पुठ्ठ्याचे धागे सोलून आले असतील तर टेपने आपलं काम केलंय, पुठ्ठाच कच्चा आहे. तिथे पाण्याने भिजवून लावायची गमाची कागदी पट्टी बघा, ती पुठ्ठ्यात मुरते. मशीनवर चढवलेल्या रोलच्या कडाही बघा. त्या पिवळ्या झाल्या असतील तर धूळ खोक्यापर्यंत जाण्याआधीच टेपवर बसते आहे. सीलर हळद भरायच्या खोलीतून भिंतीपलीकडे न्या, आणि टेपच्या आधी मऊ ब्रश व व्हॅक्यूमचं तोंड बसवा.