एक्स्पान्शन चालू असताना लाईट गेली तर? नॅसवाल्यांचे प्रश्न

मे महिना अर्धा सरला, दुपारी चारनंतर आभाळ भरून यायला लागलं आणि माझ्याकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न यायला लागले. घरच्या नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कवर फाईली साठवणाऱ्या डिस्कच्या डब्यात) जागा संपलीय, नवी डिस्क आणून जागा वाढवायचीय, म्हणजे एक्स्पान्शन करायचंय, पण वळवाचा पाऊस आला की लाईट जाणार हे नाशिकमध्ये सगळ्यांना माहितीय, मग करायचं काय. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

गंगापूर रोडहून एक फोटोग्राफर विचारतात: चार बेचा (चार डिस्क बसणारा) नॅस आहे, ४ टीबीच्या तीन डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी मांडणी). चौथी टाकायचीय. २०१५ च्या सिंहस्थाचं सगळं शूटिंग त्यातच आहे. मध्येच लाईट गेली तर सगळं जाईल का?

बहुतेक वेळा जात नाही, पण "बहुतेक वेळा" एवढ्यावर तुम्ही सिंहस्थ सोडू नये असं मला मनापासून वाटतं. आत काय चालतं ते आधी सांगतो. तीन डिस्कवर पसरलेला डेटा आता चार डिस्कवर पसरवायचा असतो, म्हणून नॅस एकेक पट्टा (सगळ्या डिस्कवर पसरलेला डेटाचा तुकडा) वाचतो, पॅरिटी (डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायला लागणारा हिशोब) नव्याने काढतो आणि नव्या मांडणीत परत लिहितो, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद प्रत्येक डिस्कवरच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे अशा नोंदींच्या राखीव जागेत, करत जातो. सायनॉलॉजी कंपनीचा नॅस काय किंवा क्यूनॅप कंपनीची नेहमीची क्यूटीएस प्रणाली काय, खाली लिनक्सचं एमडी रेडच (डिस्क एकत्र चालवणारा भाग) आहे आणि त्याला हे जमतं, लाईट आल्यावर तो नोंद बघतो आणि तिथून पुढे चालू करतो. अगदी सुरुवातीचा थोडा भाग नाजूक, कारण तिथे नवी मांडणी जुनीवरच पडते, म्हणून तेवढ्या भागाची प्रत वेगळी ठेवली जाते.

मग धोका कुठे? एक म्हणजे दोन डिस्कवर डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत लाईट गेली, तर त्या पट्ट्याचा हिशोब चुकतो आणि ते तेव्हा कळतही नाही, पुढे कधीतरी डिस्क मेली की कळतं. दुसरं, डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) असलेलं गेलं. आणि तिसरं, जे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय, ते म्हणजे लाईट नुसती जात नाही, ती जाते, येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक वेळी चारही डिस्क शून्यातून फिरायला लागतात. फिरायला लागताना ३.५ इंची डिस्क एकेक वीस-पंचवीस वॅट ओढते. पाच-सहा वर्षं झालेली डिस्क अशा चार झटक्यांत बसते, आणि रेड ५ फक्त एकच डिस्क गेलेली सहन करतो.

तेव्हा आधी सगळ्या डिस्कची स्मार्टची (डिस्कने स्वतःची तब्येत तपासायची) लांब टेस्ट लावा, नवीचीसुद्धा, नवी आहे म्हणून सोडू नका. मग स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पॅरिटीशी ताळा. मग ८ टीबी किंवा मोठी एक बाहेरची डिस्क घेऊन पूर्ण कॉपी, ती कॉपी चार-पाच ठिकाणी उघडून बघा, केबल काढून कपाटात ठेवा. एसएसडीचा रीड-राईट कॅश लावला असेल तर तो एक्स्पान्शनच्या आधी काढा, कारण त्यात डिस्कवर न पोचलेला डेटा पडून असतो. एवढं झाल्यावरच बटण दाबा. दीड-दोन दिवस धरून चाला.

सिडकोतून: माझा यूपीएस ६०० व्हीएचा. एक्स्पान्शनला दोन दिवस लागणार म्हणतात. एवढा बॅकअप कुठून आणू?

आणायचाच नाहीये. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक मोठमोठे यूपीएस घेतात आणि मुख्य गोष्ट विसरतात. यूपीएसने एक्स्पान्शन पूर्ण करायचं नसतं, नॅसला नीट थांबायला वेळ द्यायचा असतो, आणि थांबायचंय हे नॅसला कळायला हवं ना! ते यूपीएसच्या यूएसबी केबलवरून कळतं. ६०० व्हीएच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलना मागे डेटा पोर्टच नसतो, काहींना यूएसबी असतो तो फक्त मोबाईल चार्जिंगचा. एमजी रोडला घ्यायला गेलात तर दुकानदाराला तेवढंच विचारा, डेटा पोर्ट आहे का, आणि बॉक्स उघडून बघा.

हिशोब सांगतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, कागदावर ८४ वॅट-तास, प्रत्यक्षात साधारण निम्मं धरा. चार बेचा नॅस आणि राऊटर मिळून ७० वॅटच्या आसपास ओढतात, म्हणजे बॅटरी नवी असताना अर्धा तास. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी पाच मिनिटं देते, आणि वाईट हे की यूपीएस तरीही पूर्ण चार्ज दाखवतो. माझ्याकडे असंच झालं, तीन वर्षं जुनी बॅटरी, पावसात लाईट गेली, यूपीएस दोनदा वाजला आणि सगळं काळं. तेव्हापासून "बॅटरी कमी झाली की बंद हो" हे सेटिंग मी वापरत नाही, कारण म्हातारी बॅटरी तो इशारा द्यायच्या आतच झोपते. लाईट गेल्यापासून तीन मिनिटांनी बंद, असं वेळ धरून लावा.

आणि सुरू करायच्या आधी एकदा भिंतीवरचा यूपीएसचा स्विच स्वतः बंद करून बघा. तीन मिनिटांनी नॅस आपणहून बंद झाला तर पुढे जा. नाही झाला तर केबल, सेटिंग, बॅटरी, याच क्रमाने तपासा.

इंदिरानगरहून: घरात इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी, तीन-चार तास आरामात चालतं. मग यूपीएस कशाला?

तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, दोन गोष्टी नाहीत. लाईटवरून बॅटरीवर जाताना इन्व्हर्टर थोडा वेळ घेतो, आणि कॉम्प्युटरची एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) पूर्ण लोडवर साधारण १५-१६ मिलिसेकंदच तग धरते. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा, नाहीतर पंख्याला कळणारही नाही पण नॅस रीस्टार्ट होईल. दुसरं, इन्व्हर्टर नॅसला काही सांगत नाही. म्हणून इन्व्हर्टरच्या लाईनवर छोटा यूपीएस लावा, ही जोडी आपल्याकडे उत्तम चालते. फक्त इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचा पाहिजे, स्क्वेअर वेव्ह आली तर कित्येक यूपीएस तिला वीज मानतच नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवरच बसून राहतात.

निफाडजवळच्या गावातून: दिवसातून चार-पाच वेळा लाईट जाते. यूपीएसमुळे नॅस नीट बंद होतो, पण लाईट आली की लगेच चालू होतो आणि पुन्हा जाते.

एक्स्पान्शन संपेपर्यंत आपोआप चालू व्हायचं सेटिंग बंदच ठेवा. पहिल्या वेळी बॅटरी अर्धी संपलेली असते, पंधरा मिनिटांत दुसरा झटका आला तर नीट बंद व्हायलाही शिल्लक राहत नाही. लाईट आल्यावर यूपीएसला दोन-तीन तास चार्ज होऊ द्या, मग हाताने नॅस चालू करा. उशीर होईल, होऊ दे. आणि जमलं तर हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर काढा, किंवा नॅस उचलून तेवढ्यापुरता शहरातल्या नातेवाइकांकडे ठेवा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

नाशिक रोडहून: ट्रूनॅस (नॅस चालवायची प्रणाली) आहे, रेडझेडमध्ये (तिच्यातली रेड ५ सारखी मांडणी) एक डिस्क वाढवता येते का आता?

येते. ट्रूनॅस ज्यावर चालतो त्या ओपनझेडएफएस फाईल प्रणालीच्या २.३ मध्ये, जानेवारी २०२५ ला, ही सोय आली, ट्रूनॅसच्या २४.१० मध्ये त्याआधीच होती. मधे बंद पडलं तर पुढे चालू होतं आणि डिस्क गेलेली सोसायची ताकद तेवढीच राहते. जुन्या फाईली मात्र जुन्याच प्रमाणात राहतात, म्हणून जागा अपेक्षेपेक्षा कमी दिसेल, घाबरू नका.

पंचवटीतून एक शिक्षिका: दादा, माझा दोनच बेचा आहे, आरशासारखी कॉपी असलेला. ४ टीबी काढून ८ टीबी टाकायच्यात.

ताई, तुमचं काम सोपं आहे. आधी एक बदला, ती पूर्ण भरू द्या, मग दुसरी. पहिली काढलेली जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, कुणाला देऊ नका, नाव-तारीख लिहून ठेवून द्या, त्या दिवसापर्यंतचा तुमचा सगळा डेटा तिच्यात आहे. घेताना सीएमआर डिस्कच (डेटाच्या रेघा एकमेकींवर न चढवणाऱ्या) घ्या. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (रेघा एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या, अशा डिस्कवर भरायला वेळ खूप लागतो, आणि जितके जास्त तास तितकी लाईट जायची शक्यता जास्त.

देवळाली कॅम्पहून: उशीर झाला. ४१ टक्क्यांवर लाईट गेली, आता व्हॉल्यूम क्रॅश्ड दाखवतोय.

आधी हात थांबवा. नॅस इनिशिअलाईझ करायला, दुरुस्त करायला विचारेल, नाही म्हणा. डिस्कचा क्रम बदलू नका, प्रत्येकीवर बेचा नंबर लिहा. एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नॅसवर कमांड द्यायची सोय) येत असेल तर एमडीएडीएम या रेडच्या कमांडच्या एक्झामिनने प्रत्येक डिस्क बघा, त्यात रिशेप (नव्या मांडणीत पसरवणं) कुठपर्यंत आलं आणि इव्हेंटचा, म्हणजे नोंदींचा, आकडा दिसतो. सगळ्यांचे आकडे सारखे किंवा अगदी जवळ असतील तर आशा चांगली आहे, पुष्कळदा ॲरे (डिस्कचा गट) नुसता जोडला गेलेला नसतो. पण जोडायच्या आधी प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यू या नक्कल काढायच्या साधनाने वेगळ्या डिस्कवर नक्कल काढा आणि जे करायचं ते नकलेवर करा. क्रिएट ही नवा ॲरे बनवायची कमांड कुणी कितीही सांगितली तरी मूळ डिस्कवर चालवू नका. नक्कल काढायला डिस्क नसतील तर मशीन बंद ठेवा आणि मला एक्झामिनचं आउटपुट जसंच्या तसं पाठवा.