नोकरी सांभाळून एमबीएचा प्रकल्प दोन महिन्यांत पूर्ण करता येईल काय?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. तुम्ही नागपुरात नोकरी करत वित्त विषयात एमबीए करत आहात आणि शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी 'खेळत्या भांडवलाच्या व्यवस्थापनाचा अभ्यास' हे शीर्षक मंजूर झाले आहे. बुटीबोरीच्या एका मोठ्या कंपनीने आकडे देण्यास नकार दिला, हाती दोन महिने उरले आहेत आणि मित्राने तयार अहवाल विकत घेण्याचा सल्ला दिला आहे. मी काही वर्षे एका कारखान्याच्या लेखा विभागात काम केले, आता नागपुरातच वित्त शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. त्या आधारावर सांगतो की दोन महिने पुरेसे आहेत. मात्र त्यासाठी तुम्हाला तुमचा प्रश्न बराच लहान करावा लागेल, इतका की त्याचे उत्तर त्या कारखान्यातील निदान एका माणसाला खरोखर हवे असेल.

मंजूर शीर्षक बदलण्याची गरज नाही. खेळत्या भांडवलात मालाचा साठा, ग्राहकांकडील येणी, पुरवठादारांची देणी आणि हातातील रोकड असे सगळेच येते, आणि या चारही गोष्टींचा 'अभ्यास' करायला निघालेला विद्यार्थी शेवटी पाच वर्षांच्या ताळेबंदांतून गुणोत्तरे काढून त्यांचे स्तंभालेख जोडतो. चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) 1.6 वरून 1.4 झाले, हे त्याला दिसते. ते का झाले, हे ताळेबंद सांगत नाही, म्हणून निष्कर्षाच्या प्रकरणात 'कंपनीने येणी वसूल करण्याकडे लक्ष द्यावे' असे एखादे वाक्य येते, जे कोणत्याही कंपनीला लागू पडते. तुम्ही यातील फक्त येणी घ्या. त्यातही प्रश्न असा ठेवा: या कारखान्याच्या बिलांचे पैसे ठरलेल्या मुदतीनंतर किती दिवसांनी येतात, आणि तो उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर होतो?

हा प्रश्न घेऊन मोठ्या कंपनीकडे पुन्हा जाऊ नका. मोठे नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभून दिसते, पण तिथे विद्यार्थ्याला मनुष्यबळ विभागाच्या पुढे क्वचितच जाऊ देतात आणि वसुलीची वही तर कधीच दाखवत नाहीत. त्याऐवजी हिंगणा एमआयडीसीतील एखादा लहान कारखाना शोधा, जो मोठ्या कंपन्यांना सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य किंवा फॅब्रिकेशनची कामे पुरवतो. मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत जाता येत असल्यामुळे साप्ताहिक सुटीच्या दिवशीही हे काम जमण्यासारखे आहे. अशा ठिकाणी मालक स्वतः भेटतो, आणि अडकलेले पैसे ही त्याची रोजची चिंता असते. त्याला 'मला प्रकल्पासाठी माहिती हवी आहे' असे सांगण्याऐवजी 'तुमची गेल्या वर्षाची सगळी बिले तारखांसह मांडून पैसे कुठे अडकतात ते मी शोधून देतो' असे सांगा. पहिल्या वाक्यात तुम्ही मागता, दुसऱ्यात देता. नकार आणि होकार यांतील फरक बहुधा एवढाच असतो.

गोपनीयतेची अडचण येईलच, आणि तिच्यावर सोपा उपाय आहे. ग्राहकांच्या नावांऐवजी 'क', 'ख', 'ग' लिहा आणि रुपयांतील प्रत्येक रकमेला एकाच ठरावीक संख्येने गुणा, जी फक्त तुम्हाला, मालकाला आणि तुमच्या मार्गदर्शकांना माहीत असेल. सगळ्या रकमा एकाच पटीत बदलल्यामुळे गुणोत्तरे, टक्केवारी आणि दिवस तेच राहतात, पण खरी उलाढाल कोणालाही कळत नाही. असे केले आहे हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. महाविद्यालयाचे पत्र पहिल्याच भेटीत सोबत न्या आणि काम संपल्यावर कारखान्याच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र लागेल हेही त्याच दिवशी सांगून ठेवा, कारण शेवटच्या आठवड्यात मालक बाहेरगावी असला की विद्यार्थ्याची फार धावपळ होते.

कधी जायचे यालाही महत्त्व आहे. लेखापालाच्या महिन्यात 7 तारखेला टीडीएस, म्हणजे इतरांना पैसे देताना कापून घेतलेला आयकर, भरायचा असतो, दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी (कराचा गोषवारा आणि भरणा) असते. या काळात तुम्ही टेबलाशी उभे राहिलात तर तो तुम्हाला टाळणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. 21 तारखेनंतरचा आठवडा धरा. मार्चअखेर मात्र पूर्णपणे टाळा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून विक्रीची नोंदवही आणि ग्राहकनिहाय खाती एक्सेलमध्ये घ्या आणि एका बिलासाठी एक ओळ अशी मांडणी करा: बिलाची तारीख, रक्कम, ठरलेली मुदत, माल ग्राहकाच्या दारात पोहोचल्याची तारीख, ग्राहकाने माल स्वीकारल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख. टॅलीत साधारणपणे पहिली आणि शेवटची तारीख सापडते. मधल्या दोन तारखा कागदांत असतात, आणि तुमच्या प्रकल्पाचे सारे मोल त्या दोन तारखांत आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीने हिंगण्याच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात हेच केले होते. मालकाची ठाम समजूत होती की सर्वांत मोठी ग्राहक कंपनी जाणूनबुजून पैसे दाबून ठेवते. तिने चलानांच्या, म्हणजे मालासोबत पाठवायच्या कागदांच्या, जुन्या फायली काढल्या. प्रत्येक चलानाच्या परत आलेल्या प्रतीवर ग्राहक कंपनीच्या गेटचा शिक्का होता, त्यात आत येण्याची तारीख हाताने लिहिलेली होती, आणि मागच्या बाजूला स्टोअरच्या माणसाची सही व जीआरएनची, म्हणजे माल स्वीकारल्याच्या नोंदीची, तारीख होती. या दोन तारखा वहीत उतरवताना तिच्या लक्षात आले की काही गाड्यांचा माल दोन-तीन दिवसांत स्वीकारला जातो आणि काहींचा दोन-तीन आठवडे तसाच पडून राहतो. ज्या चलानाला प्लेटचे टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे वापरलेल्या धातूच्या चाचणीचे प्रमाणपत्र, जोडलेले होते तो माल लगेच स्वीकारला जात होता. ज्याला नव्हते त्यासाठी ग्राहकाचे स्टोअर मेल करत होते, कारखान्याचे कार्यालय सवडीने उत्तर देत होते, आणि ग्राहक कंपनी उधारीचे दिवस बिलाच्या तारखेपासून न मोजता जीआरएनच्या तारखेपासून मोजत होती. उशिराचा मोठा भाग ग्राहकाच्या तिजोरीत नसून कारखान्याच्याच डिस्पॅचच्या टेबलावर होता. तिची शिफारस एका ओळीची होती: सर्टिफिकेटची प्रत जोडल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नये. मालकाने ती त्याच आठवड्यात अमलात आणली. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी तिच्याशी याच एका तक्त्यावर सर्वाधिक वेळ चर्चा केली.

तुमच्या कारखान्यात कारण वेगळे निघेल. कदाचित खरेदी आदेशातील दर आणि बिलातील दर जुळत नसतील, कदाचित ग्राहक आठवड्यातून एकाच दिवशी रक्कम सोडत असेल. पण ते कारण तारखांतूनच सापडेल, मालकाच्या किंवा लेखापालाच्या मतातून नव्हे. त्यांची मते अवश्य लिहून घ्या, कारण समजूत आणि नोंद यांतील अंतर हाच तुमच्या विश्लेषणाचा एक चांगला भाग होऊ शकतो.

गणिताबद्दल एक सावधगिरी सांगतो. येणी किती दिवसांची आहेत हे काढताना आपण येण्याच्या रकमेला वर्षभराच्या उधार विक्रीने भागून 365 ने गुणतो. 40 लाखांची येणी आणि 2 कोटींची उधार विक्री असेल तर उत्तर 73 दिवस येते. पण ही 40 लाखांची रक्कम 31 मार्चची असते, आणि तो दिवस वर्षातील सर्वांत कमी प्रातिनिधिक दिवस आहे. त्या महिन्यात कोणी विक्री वाढवतो, कोणी वसुलीच्या मागे लागतो, त्यामुळे आकडा वर किंवा खाली ओढला जातो. म्हणून बारा महिन्यांच्या अखेरच्या शिलकांची सरासरी घ्या आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी दाखवा. 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, 61 ते 90 आणि त्यापुढे अशी थकबाकीची वयवार विभागणीही द्या. सरासरीबरोबर मध्यकही (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, कारण वर्षभर रखडलेले एखादे वादग्रस्त बिल सरासरीला एकटेच बिघडवून टाकते.

कायद्याची बाजू एका पानात मांडा, पण ती नीट समजून घेऊन. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची ठरलेली मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि कलम 16 नुसार उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते. त्यात भर म्हणून 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम 43बी(एच) आणले, जे 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून लागू झाले. या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. हे सर्व लिहून झाल्यावर 'मालकाने व्याजाची मागणी करावी' अशी शिफारस मात्र करू नका. लहान पुरवठादाराला कायदा ठाऊक असतो. तो वापरत नाही कारण उद्याची ऑर्डर त्याच ग्राहकाकडून यायची असते. शिफारस अशी असावी जी मालक स्वतःच्या अधिकारात, कोणाशी भांडण न करता करू शकेल.

प्रश्नावली हवीच असा महाविद्यालयाचा आग्रह असेल तर ती ग्राहक कंपन्यांच्या खरेदी आणि लेखा विभागांतील माणसांकडून भरून घ्या. कारखान्याचे ग्राहकच वीस असतील तर सगळ्या विसांना विचारा आणि ही गणना आहे, नमुना नव्हे, असे लिहा. प्रकल्पांत दिसणारा 384 हा नमुन्याचा आकडा फार मोठ्या समष्टीसाठी (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांच्या समूहासाठी), 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरून येतो. तो तुमच्या कामाशी संबंधित नाही. वर्गमित्रांकडून शंभर फॉर्म भरून घेऊन त्यावर काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रीय चाचणी लावण्याचा मोह तर अजिबात धरू नका.

तयार अहवालाबद्दल विचारलेत, म्हणून स्पष्ट सांगतो: घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित अहवाल मागवला जातो, 40 ते 60 टक्क्यांमध्ये वर्षभर सुधारित अहवाल देता येत नाही, आणि त्यापुढे त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होऊ शकते. विकत मिळणारा अहवाल यापूर्वी किती जणांनी सादर केला आहे हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. संगणकाच्या तपासणीतून तो सुटला तरी तोंडी परीक्षेत 'हा आकडा कोणत्या कागदावरून घेतला?' एवढा एकच प्रश्न पुरेसा असतो. शिवाय तुम्ही नोकरी करता. बिलांच्या तारखांवरून पैशाचा माग काढण्याचे जे कौशल्य या दोन महिन्यांत तुमच्या हाती येईल, ते तुम्हाला तुमच्या कार्यालयातही उपयोगी पडेल, आणि ते सोडून देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

वेळेची विभागणी करताना पहिले दोन आठवडे कारखाना ठरवण्यासाठी आणि परवानगीसाठी ठेवा, पुढचे तीन आठवडे तारखा उतरवण्यासाठी, आणि उरलेला काळ विश्लेषण व लेखनासाठी. लिहायला सुरुवात विश्लेषणाच्या प्रकरणापासून करा; प्रस्तावना आणि उद्योगाची ओळख शेवटी लिहिली तर ती आपोआप नेमकी आणि आटोपशीर होते. अहवाल इंग्रजीत द्यायचा असेल तरी प्रत्येक तक्त्याचा अर्थ आधी मराठीत, घरातल्या कोणाला तरी तोंडी सांगून पाहा. जिथे तुम्ही अडखळाल तिथे तुमचे विश्लेषण अजून कच्चे आहे असे समजा.

दोन आठवड्यांत एकाही कारखान्याने होकार दिला नाही, तर शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचे वार्षिक अहवाल हा पर्याय आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या मॉइल या मँगनीज खाणकाम करणाऱ्या सरकारी कंपनीचे वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळतात. त्यातही प्रश्न येण्यांपुरताच ठेवा आणि लेखांवरील टिपांमध्ये दिलेली थकबाकीची वयवार विभागणी वापरा, जी बहुतेक विद्यार्थी उघडूनही पाहत नाहीत. पण आधी याच आठवड्यात मार्गदर्शकांना भेटून मंजूर शीर्षकाखाली 'विशेष संदर्भ: येण्यांची वसुली' असे उपशीर्षक जोडण्यास त्यांची लेखी संमती घ्या आणि महाविद्यालयाच्या पत्रावर कारखान्याच्या नावाची जागा कोरी ठेवून दोन-तीन प्रती मागून घ्या.