ओबीडी स्कॅनर गाडीला कनेक्टच होत नाही, ईसीएम गेला असेल का?

तुम्हीच लिहिलंय की गाडी एका सेल्फला स्टार्ट होते, पळते पण चांगली, फक्त बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की लिंक एरर, आणि गॅरेजवाला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदला म्हणतोय. अहो इंजिन चालतंय म्हणजे ईसीएम जिवंत आहे, इंधन सोडणारे इंजेक्टर काय मग वाऱ्यावर उघडतात का? एक रुपया देऊ नका.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात ऑटो वायरिंग करतो. २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतली एक गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, एका मास्तरांची. सुकवून धुऊन चालू झाली, पण सात-आठ महिन्यांनी चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनर काय बोलंना. तेव्हा मी आणि माझे दाजी भागीदारीत होतो. दाजींनी स्कॅनर जिथं लावतात त्या सॉकेटच्या १६ नंबर (पॉझिटिव्ह) आणि ४ नंबर (अर्थ) पिनला मीटर लावला, १२.३ व्होल्ट. म्हणाले सप्लाय ओके, ईसीएम गेला, मास्तरांना खर्च सांगून टाक. मला ते पटलंच नाही. मीटर करंट ओढतच नाही हो, गंजलेल्या वायरीतून पण तो १२ व्होल्ट दाखवणारच! संध्याकाळी दाजी गेल्यावर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, १६ आणि ४ मध्ये लावला तर पेटलाच नाही. १६ वरून सरळ बॉडीला लावला तर लख्ख. म्हणजे पॉझिटिव्ह चांगला, अर्थ मेलेला. डाव्या बाजूला पायाजवळचं पॅनल काढलं, कार्पेट उचललं, अर्थच्या बोल्टवर हिरवी-पांढरी भुकटी. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, स्कॅनर लावला, सगळे कोड आले. मास्तरांचे पैसे वाचले आणि दाजी म्हणाले योगायोग आहे, हलवाहलवीत कनेक्शन लागलं असेल. योगायोगानं बल्ब पेटत नसतोय दाजी! वर्षभरात भागीदारी मोडली, त्यांनी आणखी महागडा स्कॅनर घेतला, अजून बल्ब घेतलेला नाही.

तर तुम्ही पण आधी बल्ब लावा. १६ वर करंटच नसेल तर फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत लायटर सॉकेटचा आणि स्कॅनरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो, लायटर सॉकेटमध्ये मोबाईल चार्ज होत नाही का हे पहिलं विचारायचं. सप्लाय आणि अर्थ दोन्ही लख्ख असले तरच पुढं ६ आणि १४ ह्या डेटाच्या पिनांकडे जायचं. बॅटरीचं टर्मिनल काढून दोघांमध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास पाहिजे, १२० आला तर एका टोकाचं टर्मिनेशन, म्हणजे तिथला रेझिस्टर, तुटलंय, शून्याजवळ आला तर वायरी एकमेकीला चिकटल्यात.

आणि हो, ६ आणि १४ ला बल्ब चुकूनसुद्धा लावू नका, ती डेटाची लाईन आहे, तिथं फक्त मीटर. जुनी गाडी असेल तर ६-१४ रिकामेच असतील, त्याऐवजी ७ नंबरवर के-लाईन, म्हणजे जुन्या पद्धतीची डेटाची लाईन, असते, आणि ब्लूटूथचे स्वस्त डोंगल-स्कॅनर के-लाईनला बऱ्याचदा बोलतच नाहीत, त्यात गाडीचा काही दोष नसतो. तुमचा स्कॅनर कुठला ते लिहिलेलं नाही. एकदा दुसऱ्या चालू गाडीला लावून बघा. आणि गॅरेजवाला बल्ब लावून दाखवायला तयार नसेल तर गाडी तिथून काढा.